बोटीवरचा बर्फ संपतो तेव्हा

घरातला फ्रीज बंद पडला की आपण काय करतो? दूध तापवतो, भिजवलेली डाळ वाटून टाकतो आणि शेजारणीच्या फ्रीजरमध्ये आपला डबा मावतो का ते बघतो. समुद्रात शेजारीण नसते. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथून निघणाऱ्या मोठ्या बोटी काही वेळा आठ-आठ दिवस परतत नाहीत. तांडेल आणि खलाशी यांचा संसार तेवढे दिवस बोटीवरच. भात तिथेच शिजतो, पाठ तिथेच टेकायची. आणि या घराचा फ्रीजर म्हणजे बोटीच्या पोटातला बर्फाचा खण.

या खणाला ना वायर, ना बटण. निघताना कारखान्यातला बर्फ फोडून भरायचा आणि मिळालेलं म्हावरं त्याच्या थरांत रचत जायचं. आपल्याकडच्या उकाड्यात जेवढी मासळी साधारण तेवढाच बर्फ लागतो. गंमत अशी, की बर्फ वितळतो म्हणूनच मासा थंड राहतो! किलोभर बर्फाचं पाणी होताना तो एवढी उष्णता ओढून घेतो, की तेवढ्या उष्णतेने किलोभर गार पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. त्यामुळे बर्फ वितळतोय म्हणून कुणी घाबरत नाही. तो वेळेआधी संपला तर मात्र घात होतो. झाकण सारखं उघडलं, खणाला चीर गेली किंवा इंजिन बिघडून दोन दिवस जास्त लागले, की झालंच.

मग पेच पडतो. परत फिरावं तर डिझेल फुकट, थांबावं तर म्हावरं फुकट. शहाणा तांडेल अशा वेळी खणातलं साचलेलं पाणी काढतो, उरलेला बर्फ पापलेट-सुरमईसारख्या महाग मासळीभोवती गोळा करतो, झाकण घट्ट बसवतो, जमेल त्या मासळीला मीठ लावतो आणि बोट बंदराकडे वळवतो. बोंबील बिचारा अंगानेच पाणीदार, तो आधी लुळा पडतो.

यातलं झाकणाचं शहाणपण आपल्या स्वयंपाकघरातही उपयोगी आहे, बरं का. जुलै २०१८च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेलं आणि वीजही गेली, ते दिवस आठवा. गच्च भरलेला फ्रीजर उघडला नाही, तर साधारण ४८ तास थंडावा धरतो, अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रीज मात्र चारच तास. दर अर्ध्या तासाला ‘बघू तरी’ म्हणून दार उघडायचं नाही, घरातल्या मंडळींनाही सांगून ठेवायचं. आणि बांगडा, कुपा असे मासे तासन् तास उबेत राहिले, तर त्यांत तयार होणारं विष कितीही उकळलं तरी जात नाही. आमसुलं घालून, मसाला वाढवून काही होत नाही. तो मासा टाकायचाच.

पण मला खरं बोलायचंय ते बोट बंदराला लागल्यानंतरचं. तिथून पुढे म्हावरं बायकांच्या हातात येतं. लिलाव, टोपली, रिक्षा नाहीतर लोकलचा सामानाचा डबा, मग बाजार. बोटीच्या हिशेबात बर्फाचा खर्च डिझेलच्या शेजारी लिहिला जातो. बाजारात थर्माकोलच्या खोक्यात घातलेला बर्फ मात्र कुणाच्याच वहीत नसतो, तो मावशीच्या कनवटीचा. ऊन चढेल तसा तिने आणखी बर्फ घ्यायचा आणि भाव मात्र उतरत जायचा. आपण गिऱ्हाइकंही हुशार! संध्याकाळी जातो, कारण तिचा बर्फ संपत आलेला असतो हे आपल्याला ठाऊक असतं. बोटीवर बर्फ कमी पडला तर नुकसान नाखव्याचं म्हणतात, पण मऊ पडलेलं ते म्हावरं ‘ताजं आहे गं’ म्हणत विकायला बसते ती त्याची बायको, आणि गिऱ्हाइकाचे टोमणेही तीच ऐकते.

पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. छान झालं. तो मासा विकणारीला एक गार खोली मिळाली तर आणखी छान होईल. वसई-विरारच्या प्रत्येक मासळी बाजारात रात्रभर उरलेला माल ठेवता येईल असं छोटं शीतगृह हवं. जागा आणि वीजजोडणी महापालिकेने द्यावी, चालवायला विक्रेत्या बायका पुऱ्या पडतील. दिवसाला पाच-पन्नास गिऱ्हाइकं सांभाळणारीला एका खोलीचा हिशेब जड नाही.

पैसा कुठून, असं कुणी विचारेल. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फाचे कारखाने, शीतगृहं, बर्फपेटी बसवलेल्या दुचाकी यांना मदत ठेवली होती. सर्वसाधारण अर्जदाराला खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि महिलांना ६० टक्क्यांपर्यंत. उरलेले ४० टक्के एकटीला झेपणारे नाहीत, हे मान्य. दहा-बाराजणींच्या गटाला झेपू शकतात. मात्र बाईच्या नावावर गाडी घ्यायची आणि किल्ली घरातल्या पुरुषाच्या खिशात, असं होता कामा नये. तेव्हा कोळीवाड्यातल्या मैत्रिणींनो, अशा कुठल्याही योजनेची चौकशी करायला मत्स्यव्यवसाय कार्यालयात गटानेच जा, अर्जावर नावं तुमची घाला आणि बँकेचं पासबुक स्वतःजवळ ठेवा.