गाडीतली शिट्टी

शेजारच्या चाचांच्या गाडीत साताऱ्याहून सांगलीपर्यंत गाण्यामागे बारीक शिट्टी वाजायची. दुकानदाराने नवे स्पीकर खपवले, शिट्टी तशीच! ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो ना? मग ती आल्टरनेटरची, स्पीकरची नव्हे. फोन चार्जिंगला लावून वायरने गाणी ऐकत असाल तर आधी चार्जर काढून पाहा. कित्येकदा तेवढ्यानेच भागते. नाहीतर ॲम्प्लिफायरची अर्थिंगची वायर बघा: आखूड हवी, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट कसलेली. बॅटरीची वायर गाडीच्या एका बाजूने, ऑडिओची दुसऱ्या बाजूने न्यावी. पेनड्राइव्हवर सगळे स्वच्छ, फक्त सांगली आकाशवाणीवर खरखर? मग एरियलची जोडणी तपासा. १२५१ किलोहर्ट्झ म्हणजे मीडियम वेव्ह. तिथे इंजिनच्या ठिणगीचा त्रास एफएमपेक्षा जास्तच.