पदवी मुलाची, गहाण बापाची बाग

वेळणेश्वरच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर दिवस काढले. आता तेथील मुलाने व्यवस्थापनाची पदवी घ्यायची, तर पैशाचा ओघ उलटा वाहणार! काही निवडक संस्था वगळता साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. कोकणातल्या बापापाशी तारण म्हणजे कलमांची बाग. दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे, तर दरमहा सुमारे १३,२०० रुपये भरावे लागतात. हप्ता अटळ, नोकरी अनिश्चित! जाहिरातीतील ‘सरासरी’ पगार मोजक्यांच्या गलेलठ्ठ आकड्यांनी फुगतो. २००४ साली केंद्राने आय.आय.एम.चे वार्षिक शुल्क दीड लाखांवरून तीस हजारांवर आणण्याचा आदेश काढला. ‘स्वायत्तते’चा गहजब झाला आणि सत्तांतरानंतर तो त्याच वर्षी गुंडाळला गेला. शिकलेली माणसे भांडवलाला हवीत, शिक्षणाची जोखीम मात्र कष्टकऱ्याच्या माथी! शिक्षणाचा खर्च समाजाने उचलावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे.