पूर्व उपनगरांनी टेस्टला वडाळ्यालाच का जायचं?

लर्निंग लायसन्स २०२१ पासून घरबसल्या मिळतं. आधार, ओटीपी, ऑनलाइन परीक्षा, झालं काम. सोय चांगलीच आहे.

पण पक्क्या लायसन्सच्या टेस्टला स्वतः जावं लागतं, आणि खरी रड तिथेच आहे. पश्चिमेला अंधेरीचं एमएच ०२ होतंच, वर बोरिवलीला वेगळं एमएच ४७ मिळालं. आपलं घाटकोपर, भांडुप, मुलुंड मात्र अजून एमएच ०३ मध्ये, म्हणजे वडाळा ट्रक टर्मिनल. मुलुंडहून आधी कुर्ला, मग हार्बरने जीटीबी नगर, पुढे मिळेल ते वाहन. अर्धा दिवस गेलाच. नापास झालात तर पुन्हा तीच वारी. एजंटच्या नावाने आपण बोटं मोडतो, पण रोजंदारीवरचा माणूस दुसरी खेप वाचवायला त्यालाच गाठणार ना?

खरं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाच म्हणतो की राज्यातल्या कुठल्याही आरटीओत लायसन्सचा अर्ज करता येतो. मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे. पण हे आपल्याला कोण सांगतं?

गावाकडे तालुक्याला आरटीओचे कॅम्प लागतात. मग मुलुंड-भांडुपला आठवड्यातून एक दिवस टेस्ट घ्यायला काय हरकत आहे? आमदार, नगरसेवक कुठल्याही पक्षाचे असोत, हे विचारा त्यांना. आणि मुलुंडचं कुणी ठाण्यात टेस्ट देऊन आलं असेल तर अनुभव जरूर कळवा.