‘मी रोबोट नाही’ हे किती वेळा सांगायचं?

आधार कार्ड उतरवून घ्यायचं असो, रेल्वेचं तिकीट काढायचं असो की मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो, सगळी माहिती नीट भरून झाली की शेवटी एक चौकट समोर येते. त्यात वेडीवाकडी अक्षरं असतात. कधी नऊ चित्रं येतात आणि ‘यातले ट्रॅफिक लाईट निवडा’ असा हुकूम सुटतो. खांब धरायचा की नुसते दिवे? कोपऱ्यात दिसणारी मोटारसायकलची अर्धी चाकं मोजायची की नाही? एक चूक झाली की पुन्हा नवी चित्रं. वाचक भगिनींनो, या त्रासातून सुटलेलं घर आज क्वचितच सापडेल.

या चाचणीला कॅप्चा म्हणतात. समोर माणूस आहे की संगणकाचा प्रोग्रॅम, हे ओळखण्यासाठी ती असते. तिची गरज खोटी नाही. एखादा प्रोग्रॅम मिनिटभरात हजारो खोटी खाती उघडू शकतो, तिकिटं अडवू शकतो, पासवर्ड एकामागून एक चाचपून पाहू शकतो. कॅप्चा हे नाव अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलं. त्यामागची युक्ती साधी होती: माणसाला सोपं आणि यंत्राला अवघड असं काहीतरी विचारायचं.

पुढे २००७ मध्ये फॉन आन यांनीच रीकॅप्चा आणलं. त्यात दोन शब्द दिसत. एक यंत्राला माहीत असलेला, दुसरा जुन्या छापील कागदांतला, यंत्राला न वाचता आलेला. अनेकांनी दुसऱ्या शब्दाचं एकच उत्तर दिलं की ते बरोबर धरलं जाई. अशा रीतीने न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक संगणकावर आले. २००९ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली. म्हणजे आपण वैतागून अक्षरं टाइप करत होतो तेव्हा फुकटात कोणाची तरी मेहनतही करत होतो!

आता गंमत पाहा. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी सुमारे १४०० लोकांकडून हे कॅप्चा सोडवून घेतले. वेडीवाकडी अक्षरं ओळखायला माणसांना ९ ते १५ सेकंद लागले आणि त्यांची उत्तरं ५० ते ८४ टक्के बरोबर आली. यंत्रांचे आकडे त्यांनी आधीच्या संशोधनातून घेतले होते. यंत्रं तेच काम सेकंदाच्या आत, जवळजवळ बिनचूक करत होती. ज्याला दाराबाहेर ठेवायचं तो आत शिरतोय, आणि घरची माणसं उंबऱ्यावर ताटकळतायत.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचं सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा जाड. पेन्शनच्या कामासाठी मोबाईलवर लॉगिन करायचं होतं. शून्य आणि ‘ओ’ यातला फरक काही केल्या कळेना. चार वेळा चुकलं आणि खातं काही वेळासाठी बंद झालं. खाला नातवाला म्हणाल्या, “अरे, चाळीस वर्षं शिवणकाम करून तुम्हाला वाढवलं. आता मी माणूस आहे हे या डब्याला पटवायचं होय?” सगळे हसले. पण त्या दिवसापासून खालांनी मोबाईलवरचं काम स्वतः करणं सोडलं. आता त्यांचा फोन, पासवर्ड, ओटीपी, सगळं दुसऱ्याच्या हातात. चाचणी सुरक्षेसाठी होती, आणि झालं ते असं.

ही तक्रार एकट्या खालांची नाही. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी ही चौकट म्हणजे बंद दार. बँकेच्या केवायसीत ‘कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा’ असं सांगतात, तीही माणूस असल्याची परीक्षाच. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना ती देता येईना. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयाने २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला दुसरा पर्याय ठेवा आणि कागदावरची केवायसी चालू ठेवा, हे त्यांत आहे. तेव्हा बँकेत कोणी ‘ऑनलाइनच करा’ म्हणून परत पाठवलं, तर कागदी अर्ज मागायला संकोच करू नका. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.

रोजच्या वापरासाठी थोडं ध्यानात ठेवा. अक्षरं ओळखू येत नसतील तर शेजारच्या गोल बाणाच्या चिन्हावर बोट ठेवा, नवी अक्षरं येतात. हेडफोनचं किंवा स्पीकरचं चिन्ह असेल तर उत्तर ऐकून लिहिता येतं. लहान-मोठी लिपी जशी दिसते तशीच लिहा. चौकट सगळ्यात शेवटी सोडवा, कारण थोड्या वेळाने ती बाद होते.

आणि एक धोका. हल्ली ठग खोटा कॅप्चा दाखवतात. ‘माणूस असल्याचं सिद्ध करण्यासाठी अमुक बटणं एकत्र दाबा, मग हे चिकटवा आणि एंटर करा’ असं तिथे लिहिलेलं असतं. तसं केलं की संगणकात चोर शिरतो. काही ठिकाणी ‘अलाऊ दाबा’ म्हणतात, मग फोनवर फसव्या जाहिरातींचा मारा सुरू होतो. खरा कॅप्चा सहसा अक्षरं, चित्रं किंवा एक टिचकी एवढंच मागतो. तो कधीच काही चिकटवायला सांगत नाही, आणि ओटीपी किंवा एटीएमचा पिनही विचारत नाही. असं काही दिसलं तर ते पान तिथेच बंद करा.

घरातल्या मुलामुलींना एवढंच सांगणं: दादी-नानी अडल्या तर फोन हातातून ओढून घेऊन दोन सेकंदांत काम उरकू नका. शेजारी बसा, अक्षरं मोठी करून दाखवा, बोट त्यांचंच चालू द्या. पासवर्डही त्यांच्याकडेच राहू द्या.