धातूलाही विरजण लागते!

नवापूरहून साक्रीकडे निघालेली मोटार कोंडाईबारीचा घाट चढू लागली, की मंडळी खिडकीबाहेरची शोभा पाहण्यात गढून जातात. कसोटी लागते ती इंजिनाची. इंजिनाच्या माथ्यावर, मेकॅनिक ज्याला ‘हेड’ म्हणतात, तो भाग पुष्कळ मोटारींत ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा ओतलेला असतो. भर घाटात त्याला तडा गेला, तर मुलाबाळांसह रस्त्यावर उभे राहण्याची पाळी! हे हेड किती टिकाऊ, याचा बराचसा निवाडा ओतशाळेत, रस थिजता थिजताच होऊन जातो.

गृहिणींना हे नव्याने सांगायला नको. कढवलेले तूप सावकाश निवले की छान रवाळ होते. झटपट थिजवले की कण बारीक पडतो. धातूचेही तसेच. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना थिजते. त्याला आपल्या मनाने थिजू दिले, तर कण थोडे आणि मोठे, कधी ज्वारीच्या दाण्याएवढेही पडतात. रवाळ तुपाचे आपण कौतुक करतो. रवाळ धातू मात्र थिजतानाच तडकतो, त्यात पोकळ्या एके ठिकाणी साठतात. उलट कण बारीक, तर त्यांच्या सीमा अधिक. ताण पडून धातूचे थर सरकू लागले, की या सीमा शेताच्या बांधासारख्या आडव्या येतात. हॉल यांनी १९५१ साली आणि पेच यांनी १९५३ साली हा नियम पोलादावरून मांडला.

मग कण बारीक कसा करावा? विरजण लावून! टायटॅनियम व बोरॉन असलेली ॲल्युमिनियमची कांडी टनामागे किलो-दोन किलो रसात सोडतात. तिच्यातल्या सूक्ष्म कणांभोवती असंख्य ठिकाणी एकदम थिजणे सुरू होते, आणि ज्वारीचा बारीक रवा होतो.

पण विरजणाला वेळ सांभाळावी लागते. रस फार वेळ ताटकळला, तर हे जड कण तळाशी बसतात आणि गुण जातो. सिलिकॉन अधिक असले, तरीही नेहमीच्या कांडीचा प्रभाव मंदावतो. तेथे बोरॉनचे प्रमाण वाढवलेली कांडी बरी. शिवाय सिलिकॉनच्या सुयांसारख्या टोकदार पात्या बोथट करायला सोडियम किंवा स्ट्रॉन्शियम हे निराळेच औषध! एका चिमटीने सगळे दोष जात नाहीत. रसात वायू राहिला, साचा बिघडला, तर उत्तम विरजणही काय करणार?

तेव्हा वाचकहो, घाट सुखरूप चढून गेलात, तर ड्रायव्हरबरोबर त्या अनोळखी ओतकाऱ्यालाही मनोमन धन्यवाद द्या. त्याने विरजण वेळेवर लावले होते!