हुडाला अस्तर हवं!

उघडझाप करणाऱ्या छताची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला हीरो येतो. वाऱ्यावर उडणारे केस, मागे डोंगर, शेजारी नायिका वगैरे. पण जरा जालन्याच्या अंबड चौफुलीवर उभं राहून बघा. कापडी छताच्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतील. त्यांना कुणी कन्व्हर्टिबल म्हणत नाही, रिक्षा म्हणतात, जीप म्हणतात, एवढाच फरक. लोखंडी पाईपच्या कमानी, त्यावर ताणलेलं रेक्झिन, की झालं छत! याला आपण हूड म्हणतो. आणि या हुडाबद्दल माझं म्हणणं अगदी स्पष्ट आहे. आतून अस्तर नसलेला हूड म्हणजे सावली नव्हे, तो उलटा टांगलेला तवा आहे.

अतिशयोक्ती वाटते? हिशोब करू. मे महिन्यात भर दुपारी एक चौरस मीटर छतावर साधारण १००० वॅट इतकं ऊन पडतं. म्हणजे डोक्यावर एक विजेची शेगडीच. काळं रेक्झिन त्यातला बहुतेक भाग पिऊन टाकतं. त्याची जाडी जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे वरची उष्णता खाली यायला वेळ लागत नाही. वारा पडलेला असेल तर ते कापड सहज ६०-७० अंशांवर जातं, आणि खाली, डोक्यापासून हातभर अंतरावर, उष्णता फेकत राहतं. यावर ठरलेलं उत्तर असं की, "गाडी पळायला लागली की वारा लागतो." लागतो ना! पण शेअर रिक्षा पळते कधी? सीट भरल्यावर. तोवर आधी येऊन बसलेली म्हातारी आणि तिच्या मांडीवरचं पोर त्या तव्याखाली शेकत बसतं. आणि बाहेरची हवाच ४२ अंशांची असेल, तर तो वारा तरी कसला, ती झळच.

याहून राग येतो तो "आपल्या लोकांना सवय आहे" या वाक्याचा. उन्हाची सवय घामापुरती असते हो, त्याच्या पुढे शरीर कुणाचंच ऐकत नाही. प्रवासी निदान अर्ध्या तासात उतरून जातो. ड्रायव्हर मात्र दिवसभर तिथेच असतो. त्याला सवय नाही, त्याला पर्याय नाही. या दोन गोष्टींत फरक आहे.

आता गंमत बघा. जर्मनीत १९४९ पासून १९८० पर्यंत फोक्सवॅगन बीटलची कापडी छताची गाडी कारमान या कारखान्यात बनायची. तिचं छत एकपदरी नव्हतं. बाहेर जाड कापड, मध्ये भरीव थर, आतून अस्तर. का? तर थंडीत आत बसणारा गारठू नये म्हणून! म्हणजे जिथे ऊन अंगावर घ्यायला माणसं बागेत जाऊन पडतात, तिथे छताला अस्तर. आणि जिथे उन्हाने अंगाची लाही होते, तिथे उघडं रेक्झिन. उष्णता आत येवो वा बाहेर जावो, तिला अडवायचा उपाय एकच असतो, हे आपल्याला ठाऊक नाही असं थोडंच आहे?

ठाऊक आहेच. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आठवा. लाकडाच्या तुळया आणि वर मातीचा जाडजूड थर. बाहेर वणवा पेटलेला असला तरी आत झोप लागायची. पुढे पत्रे आले, तर लोक उन्हाळ्यात पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या टाकायला लागले. काळ्या छत्रीवर पांढरा अभ्रा चढवणारी मंडळीही आपलीच. लष्करी तंबूला दोन कापडं असतात आणि मध्ये हवा खेळते. घराला, छत्रीला, तंबूला जे कळलं ते गाडीच्या हुडापाशी येऊन विसरायचं कारण काय?

कारण एकच, हुडाखाली बसणारा माणूस स्वस्त आहे. थारसारखी कापडी छताची जीप शौकाने घेणारा माणूस (आणि तिच्यात एसी असतोच!) छताला आतून फोम लावून घ्यायचा विचार करतो, तेव्हा आपण त्याला चोखंदळ म्हणतो. रिक्षावाल्याने तेच केलं तर, "काय रे, महाल बांधतोस काय?"

करायचं म्हटलं तर काम काही अवघड नाही. बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा पॉलिथिलीनचा फोम घ्यायचा, आठ-दहा मिलिमीटर जाडीचा, शक्यतो आग न पकडणारा. एका बाजूला चंदेरी थर असलेला मिळतो. तो चंदेरी थर खाली, मोकळ्या हवेकडे ठेवायचा. दोन कापडांत दाबून टाकला तर त्याचा उपयोग जातो. रेक्झिनला चिकटवायचं नाही, कमानींना पट्ट्यांनी किंवा वेल्क्रोने आतून बांधायचं, म्हणजे हूड दुमडता येतो आणि पावसाळ्यात अस्तर काढून वाळवता येतं. तीन चौरस मीटर अस्तराचं वजन किलोभरही भरत नाही. नवा हूड शिवताना वरचं कापड फिकट रंगाचं घेता आलं तर सोन्याहून पिवळं. कुठल्याही कुशनवाल्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. खर्च? रिक्षात जे स्पीकर बसवतात, त्याहून जास्त नक्कीच नाही.

पण हे सगळं पुन्हा रिक्षावाल्याच्याच खिशावर का टाकायचं? हप्ता त्याने भरायचा, डिझेल-गॅस त्याने भरायचा, आणि उन्हाचा बंदोबस्तही त्यानेच करायचा? आपल्या जालन्यापासून दोन तासांच्या आत, वाळूजला, रिक्षा तयार होतात. बनतानाच आत एक थर घातला तर असा कितीसा फरक पडणार? सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला. उत्तम केलं. म्हणजे ड्रायव्हरला होणारा उकाडा हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे सरकारने मान्य केलं. मग तीन चाकांवर बसणारा ड्रायव्हर काय वेगळ्या मातीचा असतो? त्याच्यासाठी एसी कुणी मागत नाहीये. बोटभर जाडीचं अस्तर मागतोय. पासिंगला ब्रेक बघतात, दिवे बघतात, तसं हुडाला आतून हात लावून बघावं. भर दुपारी, बारा ते तीनच्या मध्ये. हात टेकवून दहापर्यंत आकडे मोजता आले तर गाडी पास!

हे हास्यास्पद वाटत असेल तर येत्या मे महिन्यात मोंढ्यातून गांधी चमनपर्यंत शेअर रिक्षात, मधल्या सीटवर, बसून बघा. आणि सीट भरेपर्यंत उतरू नका.