मातीवरचे प्रेम फुकट मागू नका



"शेतकऱ्याचे आपल्या मातीवर फार प्रेम असते." हे वाक्य व्यासपीठावरून कोणी उच्चारले की आम्ही आधी खिसा चाचपून पाहतो. या वाक्याच्या मागोमाग काहीतरी मागणे येते, असाच आजवरचा अनुभव आहे. व्यापारी म्हणतो, प्रेम आहे ना, मग भाव पडला तरी पुढच्या मृगाला पेरणारच. साहेब म्हणतो, प्रेम आहे ना, मग त्याच प्रेमापोटी देशासाठी चार एकर सोडा. स्वतः शहरात बंगला बांधलेला पुढारी म्हणतो, प्रेम आहे ना, मग पोरांना गावातच ठेवा, शहरात गर्दी करू नका.

आईवर माया आहे म्हणून तिच्या औषधाचे दाम मुलाकडून दुप्पट घेणाऱ्या दुकानदाराला आपण चोर म्हणतो. मातीवर माया आहे म्हणून आपला कापूस आणि आपली ज्वारी निम्म्या दामात मागणाऱ्याला मात्र आपण हार घालतो. या मेळाव्याच्या निमित्ताने आम्ही हाच विषय मांडणार आहोत. गावावर, घरावर, शिवारावर माणसाचा जीव असतो तो कशाला म्हणतात, आणि त्याचा हिशेब कोण कोणाच्या नावावर लिहितो?

मसुऱ्यात काय कमी आहे?

उदाहरण मुद्दाम लांबचे घेतो. आपल्या गावाबद्दल बोलताना डोळ्यांत पाणी येते आणि मग आकडे दिसत नाहीत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यात मसुरे नावाचे गाव आहे. अनेक वाड्यांचे मोठे गाव. जवळून कालावलची खाडी जाते. या काठाला भरतगड, पलीकडच्या काठाला भगवंतगड. माड, आंबा, काजू, फणस, कोकम आहे. भात आहे, कुळीथ आहे, खाडीची मासळी आहे. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे सातशे-नऊशे मिलिमीटर पडला तर आपण पोळ्याला बैलाच्या शिंगांना दुप्पट रंग लावतो. पाणी आले की गाव सुधारले, असे आपण कोरडवाहू माणसे जन्मभर म्हणत आलो. तसे असते तर मसुऱ्याच्या माणसाला वेस ओलांडायचे कारण पडले नसते.

आणि गावावर प्रेम? याच मसुऱ्याची एक वाडी म्हणजे आंगणेवाडी. तिथल्या भराडी देवीची जत्रा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. जत्रेची तारीख पंचांगात ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. तारीख जाहीर झाली की मुंबईत गाडीच्या तिकिटांसाठी धावाधाव सुरू होते. कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते. लाखो माणसे येतात. बंद घरांची कुलुपे निघतात, अंगणे सारवली जातात, चुली पेटतात. मंत्री येतात, आमदार येतात, सगळ्या पक्षांचे झेंडे येतात. जत्रा सरली की कुलुपे पुन्हा लागतात.

गावावर जीव असण्याने गाव भरले असते, तर सिंधुदुर्गाइतका भरलेला जिल्हा महाराष्ट्रात सापडला नसता. खानेसुमारी काय सांगते ते पाहा. २००१ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या होती ८,६८,८२५. २०११ साली ती झाली ८,४९,६५१. दहा वर्षांत महाराष्ट्राची माणसे सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली आणि या जिल्ह्याची घटली. शेजारच्या रत्नागिरीचेही तेच झाले. सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ बाया मोजल्या गेल्या. म्हणजे पुरुष कमावायला बाहेर आणि बाई घर, गोठा, शेत सांभाळायला मागे.

काळी पोसेना म्हणून पांढरी ओस

आपल्या वाडवडलांनी गावाचे दोन भाग सांगितले. वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. पांढरीवर माणसाचा जीव जडतो. तिथे जन्माची नाळ पुरलेली असते, मारुतीचा पार असतो, बापाला खांदा दिलेली वाट असते. पण पांढरीचे पोट भरते काळी. काळी तोट्यात गेली की पांढरी नुसत्या मायेवर किती दिवस उभी राहील?

कोकणात माती तांबडी असली तरी हिशेब हाच आहे. डोंगरउताराची तुकड्यातुकड्यांची शेती. चार महिन्यांत पाऊस धो धो पडून समुद्राला मिळतो आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. भात वर्षभर पुरत नाही, आणि पुरला तरी मीठमिरची, कापडचोपड, शाळेची फी भातातून निघत नाही. म्हणून माणूस मुंबईला गेला. आधी बोटीने, मग एस.टी.ने, १९९८ पासून कोकण रेल्वेने.

आणि गेला कुठे? कापडगिरणीत. भावांनो, इथे त्याची आणि आपली गाठ पडते. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्यातला कापूस त्या गिरण्यांच्या दारात जात राहिला आणि तो कातायला, विणायला जे हात लागले त्यांत सगळ्यांत मोठा वाटा कोकणचा होता. कापूस आपला, हात त्यांचे. लालबाग-परळला एकेका गावाची खोली असायची. एका खोलीत पाळीपाळीने पंधरा-वीस माणसे झोपायची. पोटाला चिमटा काढून मनीऑर्डर करायची. गावची चूल त्या मनीऑर्डरवर पेटायची. अर्थशास्त्री याला 'मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा' असे कौतुकाने म्हणायचे. त्यात कौतुक कसले? गावाचे रक्त गिरणीत जात होते आणि त्यातले दोन थेंब टपालाने परत येत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी जाहीर केले नाही, आणि असंख्य कामगारांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. कितीतरी जण वळकटी घेऊन कोकणात परतले. गावाने त्यांना पोटाशी धरले हे खरे. पण जी शेती सोडून ते गेले होते, ती त्यांच्या गैरहजेरीत नफ्याची थोडीच झाली होती? पुढे गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि कामगार घराच्या सोडतीच्या चिठ्ठीची वाट पाहत बसला. माणसाला दोन गावे होती, एक जन्माचे आणि एक कष्टाचे. दोन्ही ठिकाणी त्याने जीव लावला. दोन्ही ठिकाणी त्याच्या जीव लावण्याचे दाम कोणी दिले नाही.

म्हणून गाव सोडणाऱ्याला 'मातीशी बेइमान' म्हणणाऱ्यांना आमचा रोखठोक सवाल आहे. बेइमानी कोणी केली? जो दर महिन्याला पैसे पाठवत राहिला त्याने, की ज्यांच्या धोरणाने त्याची शेती त्याला पोसू शकली नाही त्यांनी?

दुरून डोंगर साजरे

दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धा राहील. लांब राहणाऱ्याच्या प्रेमाचाही गावाला भार होतो. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावे चढलेली असतात. आजोबा गेले, बाप गेला, वारस मुंबईला, नातवंडे आणखी कुठे. सगळ्यांचा गावावर जीव. 'वाडवडलांची जागा आहे, हात लावायचा नाही,' असे सगळेच म्हणतात. पण मागे राहिलेल्या भावाला विहीर पाडायची असेल, कर्ज काढायचे असेल, काजूची कलमे लावायची असतील, तर तीस सह्या कुठून आणायच्या? बांध ढासळतो, शेत रानात जाते, कौले गळतात. प्रेम सर्वांचे, राबणे एकट्याचे. आणि राबणारी बहुधा बाई असते. तिचे नाव त्या तीसांत शेवटी असते किंवा नसतेच.

हे कोकणचे म्हणून सोडून देऊ नका. आपली पोरे आज पुणे, नागपूर, संभाजीनगरच्या कारखान्यांत आहेत. वीस वर्षांनी आपल्या सातबाऱ्याची हीच गत होणार आहे. धुऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या आपल्याकडे आधीच काही कमी नाहीत.

जाणे आणि हाकलणे

मसुऱ्याच्या आसपासच्या आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत गावपळणीची रीत आहे. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळे गाव, गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडते. कोणी श्रीमंत नाही, कोणी गरीब नाही, सगळे राहुट्यांत. गावात दिवा लागत नाही. मुक्काम पुरा झाला, देवाने परतीचा कौल दिला, की सगळे घरी. तुम्ही याला श्रद्धा म्हणा, रूढी म्हणा. आम्हाला त्यात एवढेच दिसते, की जायचे कधी आणि परतायचे कधी, हे गाव आपसात ठरवते.

आता दुसरे पाहा. याच वायंगणी आणि शेजारच्या तोंडवळीत 'सी वर्ल्ड' नावाचा पर्यटन प्रकल्प आणायचे सरकारने ठरवले. सुरुवातीला तेराशे एकरांवर जमिनीची भाषा होती. गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकल्प आजवर उभा राहिलेला नाही. तेव्हा शहाण्या माणसांनी विचारले, विकासाला यांचा विरोध का? अहो, जे गाव तीन-चार वर्षांनी आपण होऊन घर उघडे टाकून वेशीबाहेर झोपते, त्याला घर सोडण्याची भीती घालू नका. त्याला परतीचा कौल कोण देणार, एवढेच विचारायचे होते. सरकारी नोटिशीत परतीची तारीख नसते.

आपल्या दारातले दाखले

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा आणि उमरगा तालुक्यांतल्या आपल्याच ज्वारीच्या पट्ट्यात ज्या माळवदाच्या घरांवर पिढ्यांनी जीव लावला, त्यांच्याच दगडमातीने माणसे गाडली. तेव्हा माणसांना तिथून हलायचे होते, हे कबूल केले पाहिजे. प्रेम आंधळे नव्हते. ५२ गावे नव्या जागी वसली. घर किती चौरस फुटांचे, हे जमीन किती यावर ठरले: २५०, ४०० आणि ७५०. रुंद रस्ते झाले, सरळ रांगा झाल्या. पण बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, भावकीचे घर हाकेच्या अंतरावर का नाही, हे नकाशा काढणाऱ्याला कोणी शिकवले नव्हते. ज्याला विचारायचे तो बाजूला उभा होता. लोकांनी मग घरांना पत्रे ठोकले, आडोसे केले आणि आपले गाव आपल्या हाताने पुन्हा घडवले.

आणि डोरली? वर्धा जिल्ह्यातल्या या कापसाच्या गावाने २००५ च्या अखेरीस वेशीवर फलक लावला, 'गाव विकणे आहे'. वर्तमानपत्रांत नवलाई झाली. काहींनी नाक मुरडले, की आईला बाजारात मांडतात. आम्ही तो फलक वेगळा वाचतो. ज्याला गावाचे काही वाटत नाही तो रात्रीतून निघून जातो, फलक रंगवत बसत नाही. डोरलीने जगाला विचारले, की आमची काळी तोट्यात, कर्ज डोक्यावर, तर आमच्या पांढरीची किंमत तुम्हीच सांगा. किंमत सांगायला कोणी पुढे आले नाही. मसुऱ्याने कुलूप लावले, डोरलीने फलक लावला. दुखणे एकच.

मेळाव्यापुढे ठेवायच्या गोष्टी

रडगाणे गाऊन घरी जायचे नाही. आम्ही चार गोष्टी मांडतो, त्यांवर बोला.

एक. गावात राहणे हा हक्क, गाव सोडणे हाही हक्क. राहणाऱ्याला मागासलेला आणि जाणाऱ्याला बेइमान म्हणणे आपल्या बैठकीत तरी बंद करा. पोरगी शिकून नोकरीला गेली तर तिच्या नावाने बोटे मोडू नका.

दोन. म्हातारे हयात आहेत, एका शब्दात भाऊ बसतात, तोवर वाटण्या करून घ्या. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. बापाच्या तेराव्यानंतर हेच काम दिवाणी कोर्टात नातवांपर्यंत जाते.

तीन. राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर आणा. शेतकरी चळवळीने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कित्येकांनी जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे केली. ते काम अर्धे राहिले आहे. गावाला खरी घट्ट धरून बसलेली तीच आहे.

चार. जमिनीची नोटीस आली तर आधी ग्रामसभा, मग सही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीच्या प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी भागीदारीतल्या प्रकल्पाला ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही, हेही ध्यानात ठेवा. प्रत्येकाने एकेकटे जाऊन साहेबाचा चहा पिऊन सही केली, तर उरलेल्यांच्या संमतीला अर्थ राहत नाही.

आणि यापुढे कोणी व्यासपीठावरून आपल्या मातीप्रेमाचे गोडवे गायला लागला, तर खाली बसून टाळ्या वाजवू नका. उठून विचारा, साहेब, क्विंटलला किती?